गावातली अंगणवाडी नियमात बसते का, हे कसं बघायचं?

अंगणवाडीला साहेब भेट देणार असले की आदल्या दिवशी काय होतं ते विदर्भातल्या कुठल्याही गावात सारखंच. दारात रांगोळी, भिंतीला पताका, आणि एरवी कपाटात कुलूपबंद असलेली खेळणी सतरंजीवर. साहेब भेटवहीत 'काम समाधानकारक' लिहितात, चहा घेतात आणि पुढच्या गावाला निघतात.

अंगणवाडी बघायचा अधिकार फक्त साहेबांना आहे असं नाही. पालक, ग्रामपंचायत सदस्य, बचत गटातल्या बाया, कुणीही जाऊन बघू शकतं, विचारू शकतं. अडतं दोन ठिकाणी. एक तर नियम एका जागी लिहिलेले सापडत नाहीत. दुसरं, जी त्रुटी दिसते ती दूर करणं कुणाचं काम, हे माहीत नसतं. मग खापर फुटतं ते सेविकेच्या डोक्यावर, कारण समोर तीच उभी असते.

कायदा कोणता, सूचना कोणती

आहाराचा भाग कायद्यातला आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ याच्या कलम ५ प्रमाणे सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला गावच्या अंगणवाडीतून मोफत आहार मिळणं हा त्याचा हक्क आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला घरी न्यायचा शिधा, म्हणजे टीएचआर. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सकाळचा नाश्ता आणि गरम, ताजं जेवण. मूळ अनुसूचीत रोजचा आकडा ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असा होता, कुपोषित मुलासाठी ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम. २०२३ मध्ये ही अनुसूची सुधारली आणि नुसत्या कॅलरीऐवजी लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं यांचाही विचार त्यात आला. वर्षातून ३०० दिवस आहार द्यायचा असतो. "मागच्या महिन्यात माल आला नाही जी" हे उत्तर म्हणूनच साधं नाही. ते कायद्याच्या उल्लंघनाचं वर्णन आहे, फक्त उल्लंघन सेविकेनं केलेलं नाही.

अंगणवाडी कुठे असावी याला लोकसंख्येचे निकष आहेत. सर्वसाधारण ग्रामीण भागात ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक, आदिवासी आणि डोंगरी भागात ३०० ते ८०० मागे एक. त्याहून लहान वस्तीला मिनी अंगणवाडी. आपल्याकडे याचा अर्थ फार मोठा आहे, कारण गाव म्हणजे एक सलग वस्ती नसते. यवतमाळात कोलामांचा पोड मूळ गावापासून लांब असतो, वाशीम-पुसद पट्ट्यात बंजाऱ्यांचा तांडा वेगळा, गडचिरोलीत टोला वेगळा, मेळघाटात ढाणा वेगळा. कागदावर 'गावात अंगणवाडी आहे' हे खरं असतं, आणि नाल्याला पूर आला की तांड्यातलं पोट्टं तिथे पोचत नाही हेही खरं असतं. अशा वस्त्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश माहीत असावा: ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यायची.

इमारतीचं मात्र तसं नाही. किमान ६०० चौरस फूट बांधकाम, मुलांना बसायची खोली, वेगळं स्वयंपाकघर, धान्य ठेवायची जागा, लहान मुलांना वापरता येईल असं शौचालय, खेळायला जागा आणि पिण्याचं सुरक्षित पाणी, हे सगळं केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. बालशिक्षणाचं राष्ट्रीय धोरण २०१३ चं. त्याच्या चौकटीत ३० मुलांमागे किमान ३५ चौरस मीटरचा वर्ग, बाहेर किमान ३० चौरस मीटर मोकळी जागा, तीन ते सहा वयोगटात २० मुलांमागे एक मोठं माणूस, तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक, आणि दिवसाला तीन ते चार तास, असे आकडे आहेत. सूचना मोडली म्हणून थेट शिक्षा होत नाही. पण ग्रामसभेत उभं राहून "सूचनेत असं लिहिलं आहे, आपल्याकडे असं आहे" एवढं म्हणायला ती पुरते. प्रस्ताव मंजूर व्हायलाही तीच लागते.

आता 'कॉन्व्हेंट'. आपल्याकडे तालुक्याच्या रस्त्याला दोन खोल्यांत नर्सरी सुरू झाली की ती कॉन्व्हेंटच, मग तिचा चर्चशी काडीचा संबंध नसला तरी. या वर्गांचा प्रश्न असा, की शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून पुढे लागतो आणि ही मुलं त्याच्या अलीकडची. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं खासगी प्ले-स्कूलसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत: प्रवेशाचं वय किमान तीन वर्षं, २० मुलांमागे एक शिक्षक आणि एक काळजीवाहक, कुंपण, आग विझवायची सोय. पालकानं तिथे फी विचारण्याआधी नोंदणीचा कागद मागावा, आणि अडीच वर्षांचं लेकरू घ्यायला ते तयार आहेत का तेही बघावं. तयार असतील तर बाकीचे नियम ते किती पाळत असतील याचा अंदाज तिथेच येतो. मुलं आणणाऱ्या ऑटोत किती जण कोंबले आहेत, हेही त्याच दिवशी मोजून टाकावं.

आधी पाणी

अंगणवाडीत गेल्यावर बहुतेक जण भिंतीवरचे तक्ते बघतात. मी म्हणेन आधी पाणी बघा. रंगीत भिंत नसली म्हणून मूल आजारी पडत नाही.

पाणी कुठून येतं ते विचारा. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात, विहीर-बोअरचं पाणी खारट असतं आणि ते जिभेलाच कळतं. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आहे. ते ना चवीला कळत ना डोळ्याला. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. अंगणवाडीच्या वयात याला जास्त महत्त्व आहे, कारण दुधाचे दात दिसत असले तरी कायमचे दात याच वर्षांत हिरडीखाली घडत असतात. तेव्हा गेलेलं फ्लोराइड पुढे आठव्या-नवव्या वर्षी दातांवर पांढऱ्या-पिवळ्या चट्ट्यांनी दिसतं, आणि तोवर अंगणवाडी सुटून वर्षं झालेली असतात. गावात मोठ्या मुलांचे दात बघितले तर लहानांच्या पाण्याबद्दल बरंच कळतं.

जंतूंची गोष्ट वेगळी, तिला उपाय रोजचा आहे. टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडते का आणि तिचा अंश नळापर्यंत टिकतो का, हे ओटी चाचणीनं कळतं. पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे. चाचणी टाकीजवळ करून उपयोग नाही, अंगणवाडीच्या नळाला करायची, आणि अंगणवाडी बहुधा लाइनच्या शेवटच्या टोकाला असते. ग्रामपंचायतीला पाणी स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणावरून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या ग्रामपंचायतीचं कार्ड कोणत्या रंगाचं, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

आरोचं पाणी आणतो म्हणून निश्चिंत राहू नये. आरो फ्लोराइड काढतं, पण त्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. उघड्या माठात ते ठेवलं आणि दहा मुलांनी हात घालून पेला बुडवला की पहिले पाढे पंचावन्न. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटी असलेला माठ हा खर्च शंभर-दोनशे रुपयांचा आहे.

शौचालय बघताना दार उघडून बघा. भांडं कोरडं ठणठणीत असेल, आत झाडू, पोती आणि निवडणुकीच्या वेळचं सामान रचलेलं असेल, तर ते नोंदीत आहे, वापरात नाही. बहुतेक वेळा कारण पाण्याची टाकी वर नसणं हेच असतं.

वजनकाटा खरं बोलतो का

इथे थोडं थांबायला हवं, कारण अंगणवाडीच्या कामाचा कणा हा आहे आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच आहे.

कुपोषण तीन तऱ्हेनं मोजतात. वयाच्या मानानं वजन कमी असेल तर 'कमी वजन'. वयाच्या मानानं उंची कमी असेल तर खुजेपणा; तो बऱ्याच काळाच्या उपासमारीचा आणि वारंवारच्या आजारपणाचा शिक्का. आणि उंचीच्या मानानं वजन कमी असेल तर लुकडेपणा. ही सध्याची, ताजी घसरण. ज्याला आपण 'सॅम', म्हणजे तीव्र कुपोषित, म्हणतो ते मूल तिसऱ्या मापानं ठरतं: उंचीला साजेशा वजनाच्या मध्यकापासून, म्हणजे मधल्या आकड्यापासून, उणे तीन प्रमाण विचलनापेक्षाही खाली. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल किंवा दोन्ही पावलांवर सूज असेल तरीही ते मूल सॅम.

आता यातून काय निघतं ते बघा. उंची मोजली नाही तर तिसरं माप निघतच नाही. ज्या अंगणवाडीत उंची मोजायचं साधन मोडलेलं आहे, तिथे उंचीचा आकडा अंदाजे भरला जातो, आणि 'सॅम मुलं: शून्य' असा सुंदर अहवाल वर जातो. मेळघाटासारख्या भागात ऐन पावसाळ्यानंतर एखाद्या केंद्रात महिनोन्‌महिने शून्य दिसत असेल तर अभिनंदन करायच्या आधी स्टेडिओमीटर, म्हणजे उंची मोजायचं ते साधन, बघावा.

काटा तपासायला तज्ज्ञ लागत नाही. दुकानातून ५ किलोचं न फोडलेलं पिठाचं पाकीट आणा. काटा सपाट फरशीवर ठेवा, शून्य येतं का बघा, पाकीट ठेवा, उचला, पुन्हा ठेवा. दर वेळी ५ च्या आसपास आणि तेच आलं पाहिजे. सारवलेल्या किंवा उंचसखल जमिनीवर ठेवलेला डिजिटल काटा चांगला असूनही खोटं बोलतो. टांगत्या काट्याचा काटा शून्याच्या अलीकडे-पलीकडे अडकलेला असेल तर तोही बाद. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून मोजायची, त्यावरच्याची उंची उभं करून. एकाच मुलाच्या दोन मापांत साधारण ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि सीमेवरच्या मुलाचं वर्गीकरण तेवढ्यानं बदलू शकतं.

रजिस्टर वाचायचीही एक युक्ती आहे. खरं वजन १०.३, ११.७, ९.८ असं वेडंवाकडं येतं. पानभर १०, १०.५, ११, ११.५ अशीच वजनं असतील तर ती काट्यावरून आलेली नाहीत. एकाच मुलाचं वजन दर महिन्याला नेमकं २०० ग्रॅमनं वाढत असेल तरीही तेच. पावसाळ्यात जुलाब, ताप, आणि घरातल्या बाया निंदणाला गेल्यानं पोरांची आबाळ, या सगळ्यामुळे वजनं अडखळतात. जे रजिस्टर जुलै-ऑगस्टमध्येही अडखळत नाही त्याच्याकडे संशयानं बघा.

हे सेविका मुद्दाम करते का? कधी करते. पण का करते तेही समजून घ्या. जिच्या यादीत जास्त सॅम मुलं, तिलाच आढावा बैठकीत उभं करून विचारतात. जिची यादी कोरी, तिला कुणी काही विचारत नाही. अशा व्यवस्थेत खरी वजनं लिहिणारी बाई वेडी ठरते. गावानं तपासणी करताना सॅम मूल सापडलं म्हणून सेविकेला दोष न देता, त्या मुलाला पुढे काय मिळालं ते विचारावं: ग्राम बालविकास केंद्रात जास्तीचा आहार सुरू झाला का, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी तपासलं का, गुंतागुंत असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे एनआरसीत, पाठवलं का. शालेय आणि अंगणवाडीतल्या मुलांना तपासणारं आरबीएसकेचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायला हवं. ते शेवटचं कधी आलं, हे भेटवहीत असतं.

खिचडीचा हिशेब

आहार तपासायला दोन कागद शेजारी ठेवा: हजेरी आणि धान्यसाठा. समजा रोज २५ मुलांची हजेरी लागते आणि मुलामागे ६० ग्रॅम तांदूळ शिजतो, तर दिवसाला दीड किलो, २५ दिवसांचे साडेसदतीस किलो. साठ्यातून तेवढाच गेला का? साठा कमी गेला आणि हजेरी पूर्ण, तर मुलं कागदावर जेवली. हा हिशेब बाजूला ठेवून नुसती चव घेणं म्हणजे अर्धी तपासणी. अर्थात चवही घ्याच. टीएचआरच्या पाकिटावर उत्पादनाची तारीख, बॅच आणि वापरायची मुदत छापलेली असते, ती वाचा. आणि गावात फिरून बघा, ते पाकीट मूल खातं की गोठ्यात जातं. बऱ्याच घरांत म्हशीच्या आंबोणात जातं, हे सगळ्यांना माहीत आहे. चव नसलेलं पाकीट वाटलं म्हणून आहार 'दिला' अशी नोंद होते, पण मुलाच्या पोटात काही जात नाही.

एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. केंद्रानं २०१७ साली ठरवलेला खर्चाचा दर दर मुलामागे दिवसाला ८ रुपये होता, तीव्र कुपोषित मुलासाठी १२. तूरडाळीचा भाव बघता यात काय बसतं ते ज्यानं त्यानं ठरवावं. आदिवासी भागांत अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. तिथे आठवड्यातून किती वेळा मिळाली ते मुलांनाच विचारा. मुलं अंड्याचा दिवस विसरत नाहीत.

खोली आणि ऊन

टेप नसेल तर पावलांनी खोली मोजा. ३० मुलांना ३५ चौरस मीटर, म्हणजे मुलामागे साधारण साडेबारा चौरस फूट. १२ बाय १५ ची खोली १८० चौरस फुटांची. तिच्यात चौदाच मुलं नीट मावतात. तिथेच गॅसची शेगडी आणि धान्याची पोतीही असतील तर आणखी कमी. स्वयंपाक वेगळ्या जागी हवा हा नियम उगाच नाही. तीन वर्षांच्या मुलाचा हात आणि उकळतं पातेलं यांच्यात एक भिंत असावी एवढाच त्याचा अर्थ.

आकडे जिथे कमी पडतात तिथे आपलं हवामान जमेस धरा. दिल्लीत लिहिलेल्या सूचनेत चंद्रपूरचा मे महिना नसतो. पारा ४५ च्या वर गेला की टिनाच्या पत्र्याखालची खोली सकाळी दहालाच तापते. पत्र्याखाली छत टाकलं आहे का, वर पांढरा चुना मारला आहे का, वारा आरपार जाईल अशा समोरासमोर खिडक्या आहेत का, उन्हाळ्यात वेळ सकाळची केली का, हे विचारा. पावसाळ्यात पुन्हा वेगळं: भिंतीच्या कडेला रचलेली लाकडं आणि विटा म्हणजे विंचवांचं घर. आवार साफ असणं ही आपल्याकडे सुरक्षिततेची बाब आहे.

शिकवण्याबद्दल थोडक्यात. या वयात गाणी, गोष्टी, बोलणं, माती, खडे, उड्या हेच शिक्षण. चार वर्षांच्या मुलाच्या वहीत पानभर एबीसीडी भरलेली दिसली तर ती गुणवत्ता समजू नका. कोलामी, गोंडी, कोरकू, गोरमाटी बोलणाऱ्या मुलांशी निदान पहिले काही महिने त्यांच्या बोलीत कुणी बोलतं का, हे त्याहून महत्त्वाचं. मदतनीस त्याच वस्तीतली असेल तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

कुणाकडे काय मागायचं

आता हाती आलेल्या त्रुटी वाटून घ्या. पाणी, टीसीएल, नळजोडणी, शौचालयाची टाकी, आवाराची साफसफाई: ग्रामपंचायत. तिला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, आणि वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो, त्यामुळे 'पैसे नाहीत' हे उत्तर लगेच मान्य करू नये. त्या १० टक्क्यांतून मागच्या वर्षी काय घेतलं ते विचारावं. नवी इमारत किंवा मोठी दुरुस्ती: जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग, ग्रामपंचायतीच्या ठरावासह. वजनकाटा, स्टेडिओमीटर, रिकामं पद, न आलेला माल: बालविकास प्रकल्प अधिकारी. तपासणीला न आलेलं पथक, न मिळालेली लोहाची बाटली, जंताची गोळी: प्राथमिक आरोग्य केंद्र. आहाराचा हक्कच डावलला जात असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखालचे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यांच्यावर राज्य अन्न आयोग.

सेविकेच्या वाट्याला यातलं काय उरतं? वेळेवर उघडणं, प्रेमानं वागणं, खरं लिहिणं, मुलांशी खेळणं. तिथे ती चुकत असेल तर जरूर बोला. पण भिंत ओली आहे, काटा बंद आहे, मोबाइलवर नोंदी भरायच्या पोषण ट्रॅकर अॅपला रेंज नाही, यासाठी तिला नोटीस देणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

अर्ज करताना एका अर्जात एकच त्रुटी लिहा. दहा मुद्द्यांचा अर्ज दहा टेबलांवर फिरतो आणि कुठेच उतरत नाही. 'सोयी नाहीत' असं मोघम लिहू नका. 'अमुक तारखेला ओटी चाचणीत अंगणवाडीच्या नळाला पिवळा रंग आला नाही' असं लिहा. सोबत फोटो. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी साधारणपणे होतात. विषय आधी लेखी देऊन विषयपत्रिकेत घ्यायला लावा, ऐनवेळी उठून बोललं तर ते इतिवृत्तात येईलच असं नाही. अर्जाची दुसरी प्रत स्वतःजवळ ठेवा आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर त्याच आवक क्रमांकाचा उल्लेख करून माहितीच्या अधिकारात 'माझ्या अर्जावर काय कार्यवाही केली' एवढंच विचारा. उत्तराला मुदत ३० दिवसांची आहे.